डोळे उघडे, उत्तर नाही

शनि. १० सप्टेंबर २०१६

आज तीन फ्लाइट, तीन शीट्स, त्यातल्या दोन परत. दोन्हींवर ग्रेगच्या हिरव्या पेनाने एकच शब्द: ‘अँड?’

हा आमच्या फ्लाइंग क्लबचा चीफ इन्स्ट्रक्टर आहे हे ठीक, पण याच्या आत कुठेतरी कडक शाळामास्तर बसलाय असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक फ्लाइटनंतर इन्स्ट्रक्टरने शीट भरायची. काय शिकवलं, विद्यार्थ्याला काय जमलं, काय नाही, पुढच्या वेळी काय घ्यायचं. खाली विद्यार्थ्याची सही, माझी सही. मग ग्रेग चहाचा मग घेऊन बसतो आणि सगळ्यांच्या सगळ्या शीट्स वाचतो. मी लिहिलं होतं, ‘लँडिंग सुधारतंय.’ अँड? कशातून सुधारतंय? वर म्हणतो, उद्या तू तापाने पडलीस आणि याला घेऊन मी वर गेलो, तर मला यातून काय कळणार?

मुद्दा बरोबर आहे. चिडचिड होते ती म्हणूनच.

नितीनदादांची शीट मात्र परत आली नाही. त्यांच्याबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण घरचे आहेत म्हणून सोडते असं कुणी म्हणायला नको. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा पहिले काही महिने त्यांच्याच फ्लॅट बुश उपनगरातल्या घरी राहिलो. रेवा झाली तेव्हा वृषालीवहिनींनी सख्ख्या बहिणीसारखं माझं बाळंतपण केलं. आता तेच दादा दर वीकेंडला मोटरवेने टाकानिनीच्या आमच्या फील्डवर येतात आणि माझ्याकडे विमान शिकतात. आयटीतला शेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर टोपी, छाती पुढे. फील्डवर मला ‘मॅडम’ म्हणतात आणि स्वतःच हसतात.

रवि. १८ सप्टेंबर

दादांचं सोलो सर्किट, म्हणजे एकट्याने उडून, फील्डभोवती फेरी मारून परत उतरायचं. सुरेख. मी टॉवरखालच्या बाकावर बसून नखं खात होते, ते उतरले आणि म्हणाले, “मॅडम, पाणी प्या.”

पुढचा मोठा टप्पा म्हणजे एकट्याने हॅमिल्टनपर्यंत जाऊन यायचं. १५ ऑक्टोबर धरलाय. मग महिनाअखेरीला परीक्षा. ती झाली की लायसन्स. ‘याला एकट्याला सोडायला हरकत नाही’ ही सही माझी लागणार. आनंदाने करीन.

निघताना म्हणाले, यंदा घट आमच्याकडे. त्यांच्या आई गेल्या वर्षी गेल्या. जूनमध्ये वर्षश्राद्धाला पुण्याला गेले तेव्हा देव, टाक, सगळं बरोबर घेऊन आले. नऊ दिवसांचे उपास पण ते स्वतः करणार.

मी म्हटलं, “उठता-बसता करा की. पहिला दिवस आणि शेवटचा. देवी समजून घेते.”

“आई नऊ करायची.” विषय संपला.

मंदारला घरी सांगितलं. तो म्हणाला, नितीनला दुपारी तीनला काही खायला नाही मिळालं तर तो व्हिडिओ कॉलवर माणसं खातो. नऊ दिवस त्याच्या ऑफिसचं काही खरं नाही.

शनि. १ ऑक्टोबर

घटस्थापना. आणि आकाश असं गळतंय की बदकंसुद्धा पायी चाललीत. सगळ्या फ्लाइट रद्द.

दादांचा फोन, आवाज खट्टू. मी म्हटलं, बरं झालं, घट नीट बसवा. रेवाला म्हटलं काकांना ‘नवरात्रीच्या शुभेच्छा’ म्हण. तिने फोनमध्ये ओरडून सांगितलं, “हॅपी गट, काका!” दादा पोट धरून हसले.

शनि. ८ ऑक्टोबर

जसं आठवतंय तसं लिहिते.

आठवी माळ. दादा आले, चेहरा जरा उतरलेला, पण उपासात उतरतोच. विमानाकडे जायच्या आधी विद्यार्थ्याला ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. तब्येत, औषधं, ताण, दारू, झोप, खाणं. प्रत्येकाचं उत्तर ऐकून टिक. बाकीच्यांना मी इंग्रजीत एकेक विचारते. दादांना विचारताना दारूपाशी मलाच हसू येतं, म्हणून मी भराभर उरकते. शेवटचा प्रश्न मी असा विचारला:

“जेवलात ना?”

“हो हो.”

टिक.

आता इथे बसून विचार करतेय. ‘जेवलात ना’ला ‘नाही’ म्हणणारा मराठी माणूस मी तरी बघितलेला नाही. दारात आलेला पाहुणा सकाळपासून उपाशी असला तरी ‘हो हो, आत्ताच’ म्हणतो. आणि त्यांचे नऊ दिवस चालू आहेत हे मला माहीत होतं! त्यांच्या पोटात सकाळपासून एक कप दूध आणि अर्धं केळं, हे नंतर कळलं. मी विचारपूस केली, त्यांनी मान राखला. तपासलं कुणीच काही नाही.

पहिली दोन सर्किट्स छान. तिसऱ्याला रनवेच्या रेषेत वळलो, उतरायला लागलो, आणि वेग पडायला लागला. मी म्हटलं, “नितीन, स्पीड.” विमानात नाव घेऊन, इंग्रजीत, असा नियम आहे. काही नाही. पुन्हा बघितलं. समोर बघत होते. डोळे उघडे. ओठ हलत होते, काहीतरी बारीक चघळत असल्यासारखे.

आणि मला वाटलं, देवीचं काहीतरी म्हणतायत.

खरंच वाटलं. नवरात्र आहे, आईची आठवण आहे, म्हणत असतील एखादं स्तोत्र. म्हणून मी थांबले. जमीन वर येतेय, वेग पडतोय, आणि मी कुणाचा जप मोडू नये म्हणून थांबले!

मग वेग फार पडला की वाजतो तो स्टॉलचा भोंगा केकाटायला लागला.

“नितीनदादा!” मी किंचाळले. ढिम्म. पापणी नाही हलली. “आय हॅव कंट्रोल,” नाक खाली, पूर्ण पॉवर. त्यांचे हात कंट्रोल-व्हीलवर तसेच होते, पण घट्ट धरलेले नव्हते. घट्ट असते तर मी आज हे लिहीत नसते. विमान उचललं गेलं. टाकानिनीच्या त्या नव्या घरांची छपरं मी इतक्या जवळून कधीच पाहिली नव्हती. एकावर कुणीतरी ट्रॅम्पोलिनची जाळी टाकलेली होती.

वर चढत होतो. दादा माझ्याकडे वळले. अगदी साध्या आवाजात, जरासे दुखावून म्हणाले, “का घेतलास गं कंट्रोल? चांगलं चाललं होतं की.”

त्यांना काहीच माहीत नव्हतं. ना हाक, ना भोंगा.

खाली मी उतरवलं. ऑफिसात बसल्यावर सांगितलं तर आधी हसले. मग म्हणाले, “अंधारी आली असेल. रिकामं पोट. वृषालीला सांगू नकोस हां, उगाच साबुदाणा भरवत बसेल मला.”

शीट भरताना माझं पेन अडलं. शेवटी लिहिलं, ‘तिसरं ॲप्रोच अस्थिर. इन्स्ट्रक्टरने कंट्रोल घेतला.’ शब्दन् शब्द खरा. दादांनी वाचलं, सही केली, “थँक यू, मॅडम” म्हणाले. मला ते थँक यू अजिबात आवडलं नाही.

रवि. ९ ऑक्टोबर

शीट परत. हिरवं ‘अँड?’

सकाळी ती बघून आधी रागच आला. मग तीच शीट उचलली.

ग्रेगच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि सगळं सांगितलं. ओठांचं सांगितलं. जपाचंसुद्धा. त्याला जप म्हणजे काय ते समजावत बसले, वेड्यासारखी. तो खुर्चीवर जरा मागे टेकला आणि त्याचा रंग उतरला.

“जुलैत माझ्याबरोबर केलं होतं त्याने हे,” ग्रेग म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

जुलैत ग्रेगने त्यांची प्रोग्रेस चेक घेतली होती, म्हणजे मधल्या टप्प्यावर चीफने स्वतः बरोबर जाऊन बघायचं. वरती, सरळ उडत असताना, ग्रेगने काहीतरी विचारलं आणि दादा गप्प. थोड्या वेळाने विचारलं तर बोलले. “आय थॉट ही वॉज थिंकिंग,” ग्रेग म्हणाला. “तुम्ही लोक विचार करून बोलता. मला ते आवडतं. म्हणून मी काही लिहिलं नाही.”

माझ्या एका स्वल्पविरामासाठी शीट परत पाठवणारा हा माणूस. त्याने लिहिलं नाही!

मी तरी कुठे लिहिलं.

आणि या दोन्हींच्या मध्ये मी त्यांना एकट्याला वर सोडलं. एकट्याला. बाकावर बसून नखं खात होते आणि ते उतरल्यावर पाणी प्यायले.

ग्रेगने जुलैची शीट काढली. खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, हा त्याचाच नियम. जुन्या ओळींच्या खाली आजची तारीख घातली, जे झालं ते लिहिलं, सही केली. हिरव्या पेनाने नाही, साध्या निळ्या. मग माझ्याकडे पेन दिलं.

मी माझ्या कालच्या ओळीखाली लिहिलं: ‘विद्यार्थ्याने दोन हाकांना उत्तर दिलं नाही. डोळे उघडे. ओठ चघळल्यासारखे हलत होते. हात कंट्रोलवर. भोंगा वाजला तरी प्रतिसाद नाही. नंतर यातलं काहीही आठवत नाही. आठ दिवसांपासून उपास. इन्स्ट्रक्टरने खाण्याबद्दल नीट चौकशी केली नाही.’ शेवटचं वाक्य ग्रेगने सांगितलं नव्हतं.

किती वेळ, ते लिहायला जमेना. सात सेकंद? दहा? मला तर सबंध दुपार वाटली. ‘काही सेकंद’ लिहिलं.

आता मेडिकल करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय उडणं बंद. हॅमिल्टन बंद. परीक्षा बंद. नव्या मजकुराखाली त्यांची पण सही हवी. फोन ग्रेग करतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मी करते. केला. फक्त ‘मंगळवारी येऊन जा’ एवढंच सांगितलं. बाकी माझ्याच्याने बोलवेना.

मंगळ. ११ ऑक्टोबर. दसरा

दादा ऑफिसमधून अर्धी रजा काढून आले. हातात पेढ्यांचा डबा आणि सोनं म्हणून परसातल्या कुठल्यातरी झाडाची पानं. ग्रेगच्या हातात पान ठेवून म्हणाले, “गोल्ड, मेट.” ग्रेगने ते खिशात ठेवलं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

शीट त्यांच्यापुढे ठेवली.

वाचली. परत वाचली. मग मराठीत, हळू आवाजात: “हे काढ.”

“काढता येत नाही, दादा.”

“अगं, उपास होता. तेवढंच लिही ना. उपासामुळे चक्कर. आज पारणं झालंय, दाबून जेवलोय, आता कुठली चक्कर? डॉक्टरची चिठ्ठी कशाला? तू जेवलात का विचारलंस, मी हो म्हटलं. कुणीही हो म्हणेल. त्याचं तू एवढं…”

खरं सांगू? मला ते पटवून घ्यायचं होतं. उपासच असू दे, असं मीही तीन दिवस मनात म्हणतेय. किती सोपं. माणूस जेवला, बरा झाला, शनिवारी हॅमिल्टन.

मी म्हटलं, “जुलैत उपास नव्हता.”

“जुलैत काय?”

कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. ग्रेगने मग इंग्रजीत, शांतपणे सांगितलं. दादांचा चेहरा मी बघितला. आधी काहीच नाही. मग घाबरले, अगदी लहान मुलासारखे. तेवढाच क्षण होता, मी तेव्हा हात धरायला हवा होता. मी शीटकडे बघत बसले. मग ते चिडले.

“वा! तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत का? जुलैचं आज आठवतंय? आणि तू, अश्विनी, तू घरातली ना गं?”

सही केली नाही. कॉपी मागितली, वकिलाला दाखवतो म्हणाले. ग्रेगने झेरॉक्स काढून दिली आणि मूळ शीटवर लिहिलं, ‘विद्यार्थ्याने सही करण्यास नकार दिला.’ डॉक्टरांना लगेच भेट, असं त्याने दोनदा सांगितलं. दादा गाडीत बसून निघून गेले. पेढे टेबलावरच राहिले. कुणी हात लावला नाही.

गुरु. १३ ऑक्टोबर

वहिनींचा व्हॉइस मेसेज. पहिल्यांदाच त्या मला ‘तू’च्या ऐवजी ‘तुम्ही’ म्हणाल्या. “उपासाने जरा चक्कर आली माणसाला आणि तुम्ही राईचा पर्वत केलात. सहा महिने स्वप्न बघतोय तो. घरी आला आणि जेवला नाही. तुम्हाला बरं वाटलं असेल.”

त्या ‘तुम्ही’ने जे केलं ते शिवीने झालं नसतं. सिंकपाशी उभी राहून रडले. रेवा आली, म्हणाली, “मम, आर यू चॉपिंग अनियन्स?” हो म्हटलं.

मंदार म्हणतो, तू बरोबर केलंस. मग थोड्या वेळाने म्हणतो, पण आधी घरी जाऊन सांगायला हवं होतंस, कागदावर नंतर. त्याचंही बरोबर आहे, आणि म्हणून त्याच्याशीही भांडले.

शनि. १५ ऑक्टोबर

कोजागिरी. दर वर्षी फ्लॅट बुशला असते. यंदा निरोप नाही. आमच्याकडे दूध आटवलंच नाही.

आज दादांचा हॅमिल्टनचा दिवस होता. आकाश निळंभोर, वारा नावालाही नाही.

रवि. १६ ऑक्टोबर

नवा नियम माझ्यापुरता. ‘खाल्लंस का’ विचारायचं नाही. ‘काय खाल्लंस, कधी?’ विचारायचं. सकाळच्या पोराने सांगितलं, “कोपऱ्यावरच्या दुकानातून एक खिम्याचा पाय-पॅटिस घेतला, मेट. मिन्स अँड चीज. दोन घेतले खरं तर.” लिहून घेतलं. ग्रेगने शीट वाचली, हिरवं काही लिहिलं नाही. नुसता एक हुंकार. तो बिचारा हल्ली स्वतःच्याच जुन्या शीट्स काढून वाचत बसतो.

दादा डॉक्टरकडे गेले का, कळायला मार्ग नाही. मी मेसेज केला होता. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

बुध. १९ ऑक्टोबर

आज जे झालं त्यावर माझा विश्वास बसत नाहीये.

ऑफिसचा फोन मी उचलला. “किआ ओरा,” असा इथला माओरी नमस्कार, पलीकडे एक बाई, दुसऱ्या एका फील्डवरच्या क्लबातून. तुमचा एक विद्यार्थी आमच्याकडे यायचं म्हणतोय, आधीच्या ट्रेनिंगच्या शीट्स पाठवाल का? नाव सांगितलं.

नितीनदादा.

बाई मोकळेपणाने बोलत होती. खूप छान माणूस, म्हणाली. जवळजवळ तयार आहे म्हणतो, एक सोलो आणि परीक्षा राहिलीय, इन्स्ट्रक्टरशी जरा मतभेद झाले. म्हणजे मी. मी मतभेद!

डॉक्टरकडे गेलेले नाहीत. दुसरीकडे जाऊन, न सांगता, एकट्याने उडायला निघालेत. दादा? जे पार्किंगमध्ये रेषेला चाक लागलं तर परत लावतात, ते?

ग्रेगने माझ्या हातातून फोन घेतला. “पाठवतो,” म्हणाला. “सगळ्या. एक सही नसलेली आहे, ती आधी वाच.”

पाठवल्या. तासाभरात त्या बाईचा परत फोन आला. आवाज एकदम वेगळा. त्यांनी दादांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेणार नाही असं कळवलंय. म्हणजे तिथलंही दार बंद, आणि ते बंद करणारी परत मीच.

मला त्यांचा राग आलाय. भीतीपण वाटतेय. दोन्ही एकदम येतंय आणि कुठलं आधी, कळत नाही.

शनि. २२ ऑक्टोबर

फोन झाला आत्ताच. मी हे लिहितेय कारण हातांना काहीतरी हवंय.

सकाळी वहिनींचा नंबर दिसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. उचलला तर हॅलो नाही, काही नाही. “अश्विनी, यांच्या लॅपटॉपच्या बॅगेत तुझी ती शीट सापडली. मला वाचून दाखवली नव्हती यांनी. नुसतं चक्कर म्हणाले होते.”

परत ‘तू’ म्हणत होत्या.

त्यांनी इंग्रजी वाक्यं सावकाश वाचली, एकेक. मग विचारलं, “डोळे उघडे म्हणजे गं? चक्कर आली की माणूस डोळे मिटतो ना?”

“हो.”

“मग?”

“उघडे होते, वहिनी. समोर बघत होते.”

“आणि हे ओठांचं काय? काही बोलत होते?”

“नाही. चघळल्यासारखं. मला आधी वाटलं…” मी थांबले. मग सांगून टाकलं. “मला वाटलं देवीचं काहीतरी म्हणतायत.”

मागे त्यांच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

“अगं,” वहिनी म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. “सकाळी देवापुढे असेच बसतात ते. मध्येच. हात तसाच, फूल हातात, ओठ हलतायत. हाक मारली तर ऐकू येत नाही. मी ईशाला गप्प करते. म्हणते, बाबांचा जप चाललाय, मध्ये बोलू नको.”

“कधीपासून?”

“पुण्याहून देव आणले तेव्हापासून. मला बरं वाटायचं गं. म्हटलं, आईंच्या मागे काहीतरी धरलंय माणसाने.” आणि मग, “परवा जेवताना झालं. भाजी वाढू का विचारतेय, विचारतेय, नुसते समोर बघतायत. मी भांडले. म्हटलं, माझं ऐकायचंच नाही ना तुम्हाला? तर म्हणाले, तू कधी विचारलंस?”

देवापुढे जप, ग्रेगपुढे विचार, बायकोपुढे दुर्लक्ष. आणि विमानात तर माझ्या शेजारी, भोंगा वाजत असताना. सगळीकडे तीच एक गोष्ट, फिटसारखं काहीतरी.

वहिनी रडत नव्हत्या. “सोमवारी सुट्टी आहे ना, लेबर डे. मंगळवारी सकाळी पहिली अपॉइंटमेंट घेते. ओढत नेईन. तुझी शीट घेऊन जाऊ ना? डॉक्टरला ही दाखवायची ना?”

“हीच दाखवा. आणि आत्ता मला जे सांगितलंत ते पण लिहून न्या. फूल, भाजी, सगळं. पण वहिनी, मंगळवार कशाला, आजच—” मग विचारलं, “दादा आहेत का घरी? मी बोलू?”

“नाहीत. ईशाची पोहण्याची मीट आहे ना, हॅमिल्टनजवळच्या ‘ते रापा’ला. दोघं गेलेत. निघून झाला अर्धा तास.”

गाडीचं मला सुचलंच नव्हतं. ग्रेगला नाही, त्या दुसऱ्या क्लबच्या बाईला नाही. विमानातून काढलं, प्रत्येक कागदावर लिहिलं, सगळीकडे कळवलं. आणि दसऱ्याला आमच्यासमोर ते गाडीत बसले, मी खिडकीतून बघत होते. लाँग वीकेंडची मोटरवे. शेजारच्या सीटवर ईशा.

“लावा फोन,” मी म्हटलं. “तुम्ही ईशाला, मी दादांना.”

दादांचा वाजतो, वाजतो, व्हॉइसमेल. गाडी चालवताना फोन उचलत नाहीत ते. शिस्तीचे आहेत. चार वेळा लावला. मंदारला लावला, तो आज ड्यूटीवर आहे, त्याचा प्लँट ‘ते रापा’लाच. तो स्विमिंग पूलच्या दारात जाऊन थांबतोय. पण ते तिथे पोचल्यावर. मधल्या रस्त्याचं काय?

पोलिसांच्या १११ ला लावला. गाडीचा रंग सांगितला, नंबर मला माहीत नाही, म्हटलं त्यांच्या बायकोला विचारा. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “ड्रायव्हर आत्ता आजारी आहे का?” मी म्हटलं, माहीत नाही. दहातल्या नऊ वेळा नसतो.

ईशा फोन सोडत नाही हातातला, एरवी. तेरा वर्षांची आहे. उचलला तर वहिनी तिला काय सांगतील? घाबरवायचं नाही, पण सांगायचं तर आहे. बाबांशी बोलत राहा. काहीही विचार, शाळेचं, पोहण्याचं, इंग्रजीत विचार, पण विचारत राहा. पुढचा एक्झिट आला की बाहेर पडा म्हणावं, मला उलटी होतेय म्हण. आणि विचारलेल्याचं उत्तर आलं नाही, तर

तर काय? यातलं काहीच मी वहिनींना सांगितलं नाही, नुसतं ‘लावा फोन’ म्हटलं. सांगायला परत लावला.

वहिनींचा फोन एंगेज आहे. म्हणजे कुणीतरी उचललाय.